समन्स आल्यावर कुणाला विचारायचं?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्याने केली, त्याला बहुधा कधी समन्स आलं नसावं. पायरी चढायची की नाही हे वादी ठरवतो. प्रतिवादीला कुणी विचारत नाही. घरमालकाने, बँकेने, नवऱ्याने किंवा सख्ख्या भावाने दावा लावला की जावंच लागतं, आणि नाही गेलं तर आपल्या पाठीमागे एकतर्फी हुकूमनामा होऊन बसतो.

काही वर्षं मी मोफत कायदेविषयक मदतीच्या पॅनेलवर वकील होते. त्या काळातली एक बाई डोक्यातून जात नाही. कागदांची पिशवी घेऊन आली होती. त्यात हुकूमनामा होता, राहत्या घराचा ताबा द्या असा. मी विचारलं, समन्स आलं नव्हतं का? म्हणाली, "आलं होतं की. सही करून घेतलं, जपून ठेवलंय." खरंच, घडीसुद्धा मोडली नव्हती. सही केली म्हणजे आपल्याकडचं काम झालं, पुढे कोर्ट बोलावेल, अशी तिची समजूत होती. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला कायद्यात 30 दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर 90. हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. समन्स आलं त्या आठवड्यात कुणी अर्धा तास दिला असता तर बाजू मांडता आली असती. आता हुकूम रद्द करून घेण्यासाठी अर्ज, विलंब माफीचा अर्ज, ताब्याला स्थगिती. अर्ध्या तासाचं काम दोन वर्षांवर गेलं. कोर्टाचाही वेळ गेला, आणि तो काही फुकट नसतो.

कायदेविषयक मदत म्हटलं की लोकांना आरोपी आठवतो, घर, पैसा, कुटुंब यांच्या दिवाणी दाव्यात अडकलेला माणूस नाही. साहजिक आहे, तुरुंग डोळ्यांना दिसतो. 1963 मध्ये फ्लोरिडातल्या तुरुंगातून गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे. पण 1981 मध्ये लॅसिटर खटल्यात एका आईचे मुलावरचे हक्कच कायमचे काढून घ्यायचे होते. समोर सरकारी वकील, ही एकटी. त्याच न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की अशा प्रत्येक प्रकरणात वकील देणं बंधनकारक नाही, ते प्रकरणागणिक पाहू. थोडक्यात, चोरीचा आरोप असेल तर वकील मिळेल. पोर जाणार असेल तर बघू.

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1979 मध्ये, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एअरी विरुद्ध आयर्लंड या खटल्यात उलट दिशेला पाऊल टाकलं होतं. एअरीबाईंना नवऱ्यापासून न्यायिक विभक्तता, म्हणजे घटस्फोट न घेता वेगळं राहण्याचा कोर्टाचा हुकूम, हवी होती आणि वकील परवडत नव्हता. आयर्लंड सरकारचं म्हणणं, स्वतः येऊन बोलावं की, दार उघडंच आहे. न्यायालयाने सात वर्षांचे आकडे पाहिले. अशी 255 प्रकरणं दाखल झाली होती आणि एकूण एक प्रकरणात अर्जदाराला वकील होता. ज्या दारातून वकिलाशिवाय आजवर कुणीच आत गेलेलं नाही, त्याला उघडं कसं म्हणायचं? हक्क कागदावरचा नको, वापरता येणारा हवा, असं न्यायालयाने बजावलं.

आता पैशांकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं.

अमेरिकेत 1974 साली लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन स्थापन झालं. दिवाणी मदतीचा केंद्राचा पैसा त्यातून जातो. 1995 मध्ये त्याला 40 कोटी डॉलर मिळत होते, पुढच्याच वर्षी ते 27.8 कोटींवर आले. सोबत अटी आल्या. हा पैसा घेणाऱ्या संस्थेने अनेकांच्या वतीने सामूहिक दावा लावायचा नाही, दुसरीकडून मिळालेल्या पैशातूनसुद्धा नाही. एकेका भाडेकरूची केस लढा, पण शंभर भाडेकरूंची मोट बांधू नका. या महामंडळाच्याच 2022 च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या लोकांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी 92 टक्के अडचणींत मदत अजिबात मिळत नाही किंवा पुरेशी मिळत नाही.

दुसरा मार्ग ऐकायला फार हुशारीचा वाटतो. पक्षकारांचे पैसे वकिलाकडे थोड्या काळासाठी जमा असतात, त्यांच्या एकत्रित खात्यावरचं व्याज कायदेविषयक मदतीला द्यायचं. कुणाच्या खिशाला चाट नाही. पण 2008 ची मंदी आली तेव्हा व्याजदर तळाला गेले आणि हा झरा आटला. नेमकी तेव्हाच घरांवर जप्त्या येत होत्या, नोकऱ्या जात होत्या. पाऊस सुरू झाला की मिटणारी छत्री!

इंग्लंडने तर कायदा करूनच हात आखडता घेतला. 1949 च्या कायद्याने उभी राहिलेली व्यवस्था 2012 च्या कायद्याने इतकी छाटली की एप्रिल 2013 पासून बहुतेक कौटुंबिक वाद, कर्ज, सरकारी भत्ते यांची प्रकरणं मदतीबाहेर गेली. त्याच वर्षी नोकरीविषयक न्यायाधिकरणात 1,200 पौंडांपर्यंत फी लावली आणि तक्रारी 66 ते 70 टक्क्यांनी घटल्या. लोकांवरचे अन्याय काही रातोरात तेवढे कमी झाले नव्हते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली. त्या निकालातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: न्यायालयाचा फायदा फक्त दावा लावणाऱ्याला होतो हे खरं नाही. कुणीतरी दावा लावू शकतो, एवढ्यानेच बाकीचे मालक कायदा पाळतात.

आपल्याकडे कागद उत्तम आहे, हे मान्य करायलाच हवं. घटनेत 1976 च्या दुरुस्तीने मोफत कायदेविषयक मदतीचं कलम 39अ आलं, 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 पासून लागू झाला, आणि मदत कुणाला मिळेल हे सांगणाऱ्या त्याच्या कलम 12 मध्ये दिवाणी-फौजदारी असा भेद नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटही नाही. लखपती घरातली बाईसुद्धा अर्ज करू शकते. पण 2022 पासून पूर्णवेळ वकील नेमण्याची जी योजना आली, ती फौजदारी प्रकरणांपुरती. दिवाणीत अजून पॅनेलचीच पद्धत. मानधन तुटपुंजं, बिल मंजूर व्हायला महिने. मी स्वतः शेवटी शेवटी बिलं टाकायचीच सोडून दिली होती, आणि खरं सांगायचं तर त्या केसेसना खासगी केसेसइतका वेळही देत नव्हते. हे लिहिताना लाज वाटते. पण ज्या कामाचा पैसा वेळेवर येत नाही, ते काम फाइलींच्या गठ्ठ्यात तळाला जातं.

यावर 'वकिलांनी समाजसेवा म्हणून करावं' असं हमखास ऐकू येतं. करतातही अनेकजण. पण डॉक्टरांच्या चांगुलपणावर आपण सरकारी दवाखाना चालवत नाही. आणि न्यायाधीश, कारकून, बेलिफ, इमारत यांचा खर्च करताना कुणी त्याला दानधर्म म्हणत नाही. मग याच यंत्रणेतला एक माणूस तेवढा दयेच्या खात्यात का टाकायचा?

मला विचाराल तर कोर्ट फीतून जमा होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा कायद्यानेच दिवाणी मदतीला बांधून द्यावा, म्हणजे दर अर्थसंकल्पाला हात पसरायला नको. अडचण मला दिसते. या मदतीतले कितीतरी दावे सरकारविरुद्धच असतात. अडकलेलं पेन्शन, भूसंपादनाचा मोबदला. स्वतःविरुद्ध लढणाऱ्या वकिलाचा पगार कोण आनंदाने देईल? म्हणून तर तो दरवर्षीच्या मर्जीवर सोडू नये.

तोवर एवढं करा. समन्स हातात पडलं की त्यावरची तारीख आधी वाचा आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवेचं कार्यालय विचारा. तिथे जाणं शक्य नसेल तर विधी सेवेच्या 15100 या मदतक्रमांकावर फोन लावा.