गिट म्हणालं ‘कॉन्फ्लिक्ट नाही’, म्हणून?

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेळा आला. म्हणणं असं: कॉन्फ्लिक्ट नसेल (दोघांचे बदल एकमेकांवर आदळत नसतील) आणि चेक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्या, हिरवे असतील तर बॉटला मर्ज करू द्या, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळू द्या; माणसाने रिव्ह्यू करणं हा जुना सोपस्कार, मोठे प्रोजेक्ट कधीच पुढे गेलेत. पाठवणाऱ्यांत माझे जुने टीममेट आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही. आमच्याकडचं ऑटो-मर्ज मीच लावलंय, तेव्हा मला ऑटोमेशनचं वावडं आहे असं कोणी समजू नये.

‘कॉन्फ्लिक्ट नाही म्हणजे धोका नाही.’ गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, ओळी बघतं, अर्थ बघत नाही. दोघांनी एकाच जागी हात घातला असेल तरच ते बोंब मारतं. आमच्याकडे एकाने बिलिंगमधलं रक्कम काढणारं फंक्शन बदललं: पूर्वी रुपये द्यायचं, आता पैसे. ते जिथे जिथे वापरलं होतं तिथे त्याने नीट दुरुस्तीही केली. त्याच दोन दिवसांत दुसरीने रिफंडची नवी फाइल लिहिली आणि तेच फंक्शन रुपये समजून वापरलं. फाइली वेगळ्या, कॉन्फ्लिक्ट शून्य, दोन्ही पीआर (बदल मर्ज करण्याच्या विनंत्या) हिरव्या. मर्ज झाल्यावर टेस्टिंगच्या सर्व्हरवर ४९९ रुपयांचा रिफंड ४९,९०० झाला! दोघांच्या टेस्ट आपापल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) पास होत्या. एकत्र झालेल्या कोडवर त्या कोणी चालवल्याच नव्हत्या.

यावर उपाय आहे आणि तोही ऑटोमेशनचाच: मर्ज क्यू. पीआर थेट मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) न टाकता रांगेत लावायची, ताजं मेन आणि रांगेत पुढे उभे असलेले बदल यांच्याशी जोडून टेस्ट चालवायच्या, पास झाल्या तरच आत. कोड ठेवायच्या साइटपैकी गिटहबने २०२३ मध्ये ही सोय बीटातून (चाचणीच्या टप्प्यातून) बाहेर काढली; गिटलॅबमध्ये तिला मर्ज ट्रेन म्हणतात. मेसेजमध्ये हे एक वाक्य असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

‘चेक हिरवे म्हणजे तपासलं.’ इथे तर मी स्वतः तोंडावर आपटलोय. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीत) एखाद्या जॉबवर, म्हणजे कामावर, अट घातली आणि ती लागू झाली नाही, तर जॉब चालतच नाही. पण त्याचा निकाल ‘यशस्वी’ म्हणूनच नोंदला जातो. आमच्या पेमेंटच्या टेस्टना ‘पेमेंट फोल्डरमध्ये बदल असेल तरच चालव’ अशी अट होती. फोल्डरचं नाव बदललं, अट तशीच राहिली. जवळपास तीन आठवडे त्या टेस्ट एकदाही चालल्या नाहीत आणि मर्ज मात्र एकदाही अडलं नाही. (गंमत म्हणजे तीच अट अख्ख्या वर्कफ्लोवर (जॉबच्या सगळ्या संचावर) घातली, तर सक्तीचा चेक ‘पेंडिंग’वर लटकतो आणि मर्ज अडतं. ते परवडलं.) शिवाय तीनदा री-रन दाबून चौथ्यांदा हिरवी झालेली टेस्ट बॉटला पहिल्या फटक्यात पास झालेल्या टेस्टसारखीच दिसते.

‘डोळ्यांपेक्षा मशीन बरं.’ कधी कधी अगदी खरं. २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (थेट शेवटच्या भागात उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ कुठल्याही इफच्या (अटीच्या) बाहेर, त्यामुळे सर्व्हरची सही तपासणारा पुढचा कोड चालतच नव्हता. न पोचणाऱ्या कोडची वॉर्निंग सुरू असती तर कंपायलरने (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या टूलने) ते सांगितलं असतं. फॉरमॅटिंग, न वापरलेले व्हेरिएबल यांवर माणसाने कॉमेंट टाकत बसावं असं मलाही वाटत नाही. पण ‘ग्राहकाने रिफंडचं बटण दोनदा दाबलं तर?’ हे कोणी टेस्टमध्ये लिहिलं नसेल, तर टेस्टची पाइपलाइन ते विचारणार नाही. ते शेजारच्या खुर्चीवरून विचारलं जातं.

‘मोठे प्रोजेक्ट असंच करतात.’ नाही करत. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रोजेक्टमध्ये बॉर्स नावाचा बॉट मर्ज करतो, पण रिव्ह्यू करणाऱ्याने ‘आर प्लस’ (म्हणजे मंजूर) लिहिल्यावरच. कुबरनेटीस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ‘एलजीटीएम’ (मला ठीक वाटतं) आणि ‘अप्रूव्ह्ड’ ही दोन्ही लेबलं लागल्याशिवाय बॉट साधारणपणे पीआरला हात लावत नाही. बॉटने काढून घेतलं ते मर्जचं बटण. होकार अजून माणसाचाच आहे.

‘रिव्ह्यूत वेळ जातो.’ जातो. ९०० ओळींची पीआर टाकली की दोन दिवस कोणी उघडत नाही, मीसुद्धा नाही. छोट्या करा.

आता आमच्याकडे लिंटरसारख्या (कोडमधल्या बारीक चुका दाखवणाऱ्या) टूलचे पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्यांचे, अपडेट बॉट परस्पर मर्ज करतो; बाकी सगळं एका अप्रूव्हलनंतर क्यूत जातं. नवा कमिट (नोंदवलेला बदल) पडला की जुनं अप्रूव्हल रद्द होईल, हे सेटिंग मात्र आठवणीने लावा. आम्ही विसरलो होतो. एकाने संध्याकाळी ठाणे लोकल पकडायच्या घाईत, अप्रूव्हलनंतर, एक ‘छोटासा’ कमिट ढकलला. तो ठाण्याला उतरायच्या आत बॉटने तो मर्ज करूनही टाकला होता.