कोरूर बॉथीतील मुक्काम: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पर्वतातल्या कोरूर बॉथीत (बॉथी म्हणजे डोंगरातली, कुणालाही विनामूल्य राहता येणारी साधी झोपडी) मी ऑक्टोबरमध्ये केलेल्या मुक्कामाचे वर्णन आपल्याला खटकले आहे. रखवालदार नाही, आरक्षण नाही, अशा झोपडीच्या भरवशावर दिवस मावळल्यानंतर डोंगरात चालत राहणे बेजबाबदारपणाचे आहे आणि ते कौतुकाने लिहिणे त्याहून वाईट, असे आपण म्हणता. अशा जागांची प्रसिद्धी झाली की त्यांची हरिश्चंद्रगडावरच्या गुहांसारखी अवस्था होते, म्हणून त्यांना कुलूप लावून शुल्क घ्यावे, अशीही आपली सूचना आहे.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. 'आत शेवटची जागा मिळाली, नशीब' असे मी लिहिले. पण सॅकमध्ये तंबू होता आणि जागा मिळाली नसती तर तो बाहेर लावण्याची तयारी होती, हे लिहिले नाही. अंधारात दार उघडण्याचा प्रसंग रंगवण्याच्या नादात ते वाक्य गळाले. ते वाचून कुणी तंबू घरी ठेवून निघाले तर त्याचा दोष माझ्याकडे येईल. मूळ लेखात आता दुरुस्ती केली आहे. कोरूर ही 1877 मध्ये हरिणांवर लक्ष ठेवणाऱ्या राखणदारासाठी बांधलेली, एकाच खोलीची दगडी झोपडी आहे. तिथे वीज नाही, पाणी ओढ्याचे, आणि आधी किती माणसे येऊन बसली आहेत हे दार उघडेपर्यंत कळत नाही.

आपण म्हणता तो धोका किती खरा आहे, याचे उदाहरण याच पर्वतात घडलेले आहे. नोव्हेंबर 1971 मध्ये एडिंबराच्या एका शाळेतील मुले दोन तुकड्यांनी केर्नगॉर्मच्या पठारावर गेली होती. हवामान बिघडले तर पठारावरच्या करन नावाच्या छोट्या निवाऱ्यात थांबायचे ठरले होते. अनुभवी मुलांची तुकडी तिथे पोहोचली. दुसऱ्या तुकडीला हिमवादळात तो सापडला नाही. तिने उघड्यावर दोन रात्री काढल्या आणि त्यात पाच विद्यार्थी व एक तरुण प्रशिक्षणार्थी मार्गदर्शक असे सहा जण मृत्युमुखी पडले. तो निवारा नसता तर ती तुकडी त्या हवेत पठारावर पुढे गेली असती का, हा प्रश्न त्यानंतर तिथल्या गिर्यारोहकांमध्ये कडाक्याने चर्चिला गेला आणि 1975 मध्ये तो निवारा पाडण्यात आला. नकाशावरचा काळा ठिपका माणसाला पुढे ओढतो, ही गोष्ट मी स्वतः त्या संध्याकाळी अनुभवली आहे. खिंडीतून उतरताना, तंबू पाठीवर असूनही, शेवटचा तासभर मी दुसऱ्या कशाचाच विचार करत नव्हते.

मात्र करन निवारा उंच, उघड्या पठारावर, बर्फात गाडला जाणारा होता, आणि कोरूर दरीत, रुळलेल्या वाटेजवळ आहे. दोन्हींना एकच न्याय लावता येणार नाही.

हरिश्चंद्रगडाची तुलना मला अर्धीच पटते. तिथल्या गुहांची धुराने काळवंडलेली छते मीही पाहिली आहेत. पण तो गड आता बेवारस राहिलेला नाही; पाचनईचे गावकरी तिथे जेवण देतात, तंबू लावतात, आणि शनिवारी रात्री होणारी गर्दी हा निराळाच प्रश्न आहे. स्कॉटलंडमधल्या बॉथींचे तसे नाही. 1965 मध्ये स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था सुमारे शंभर बॉथींची देखभाल करते. बहुतेक झोपड्या तिच्या मालकीच्या नाहीत. जमीनमालकाच्या संमतीने स्वयंसेवक छप्पर शाकारतात, दारे बसवतात. कोरूरला शौचालय आहे आणि तेही स्वयंसेवकच रिकामे करतात. बाकी बहुतेक ठिकाणी शौचासाठी खड्डा खणायला दारामागे फक्त फावडे असते. सहा किंवा अधिक जणांच्या गटांनी येऊ नये आणि पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी तर मुळीच येऊ नये, असा संस्थेचा दंडक आहे. प्रसिद्धीविषयी एवढेच म्हणेन की या झोपड्यांची ठिकाणे आता ती संस्थाच आपल्या संकेतस्थळावर देते.

राहिला कुलपाचा प्रश्न. पावसात चिंब होऊन, वाट चुकून, पाय मुरगळून येणाऱ्या माणसाने आधी किल्ली मिळवलेली नसते; ज्याने नियोजन नीट केले आहे त्याच्यापुरतेच उघडणारे दार त्याच्या काय कामाचे? शुल्क घेतले की जागेची हमी द्यावी लागते, आणि ही हमीच माणसाला तंबू घरी ठेवायला शिकवते. म्हणजे ज्या बेफिकिरीवर आपण बोट ठेवले आहे, तीच या उपायाने वाढेल.

आपण मे महिन्यात तिकडे जाणार असल्याचे लिहिले आहे. कोरूरकडे जाताना लिन ऑफ डीहून डेरी लॉजपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर सायकल नेता येते आणि जवळजवळ पाच किलोमीटरची पायपीट वाचते. वरच्या उतारांवर तेव्हाही बर्फ असू शकते. त्या दिवसांत रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे खोली भरलेली आढळली तरी तंबू लावायला वेळ मिळेल.