रद्दीच्या गठ्ठ्यात स्पायडरमॅन

रविवारी सकाळी नाशिकच्या इंदिरानगरला ताईकडे गेले, तर दारातच चपलांच्या स्टँडशेजारी सुतळीने करकचून बांधलेला गठ्ठा. वर स्पायडरमॅन, खाली बॅटमॅन. बारा वर्षांचा भाचा खोलीचं दार लावून बसलेला. "रद्दीवाला येईलच आता," असं म्हणत ताईने मोबाइल माझ्या हातात दिला. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला तो मेसेज आठवडाभरात मलाही तिघांनी पाठवला होता. मी न वाचताच उडवला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सुपरहिरो कॉमिक्समध्ये खून, ड्रग्ज, मृत्यू यांचाच भरणा असतो. ती वाचून मुलं गुन्हेगार होतात, हे एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने सिद्ध केलंय. म्हणून अमेरिकेने 1954 सालीच कायदा करून त्यांवर बंदी घातली. आपल्या गोष्टींत असलं काही नसतं. तेव्हा अठराच्या आतल्या मुलांकडची सगळी कॉमिक्स आजच रद्दीत घाला.

"आपल्या गोष्टींत असलं काही नसतं" हे नाशिककरांनी एकमेकांना पाठवावं? लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं आणि त्यावरून गावाला नाव पडलं, हे पंचवटीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण सांगतो. सीता गुंफेत वाकून उतरताना सीतेला रावणाने कसं पळवलं ते पाच वर्षांच्या पोराला सांगतो. राजा विक्रम स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून निघतो, ते 'चांदोबा'त चित्रासकट बघतच आमची पिढी मोठी झाली.

बंदीचंही खोटं. 1954 साली अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, पण देशभर बंदी घालणारा कायदा झाला नाही. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली केली. तीही 2011 पर्यंत पार मोडीत निघाली.

सगळ्यात जास्त राग मला त्या "सिद्ध केलंय"चा आला. ज्यांचा दाखला दिलाय ते डॉक्टर फ्रेडरिक वर्थम. 1954 साली त्यांचं पुस्तक आलं आणि कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात, हे त्यांनी आपल्याकडे आलेल्या मुलांची उदाहरणं देऊन मांडलं. मुलांच्या नोंदी त्यांच्याच कपाटात, त्यामुळे पडताळणार कोण? ती कागदपत्रं 2010 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने मूळ टिपणं आणि छापील पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचलं आणि 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्थमनी मुलांची वाक्यं बदलली होती. दोघांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं. मुलांच्या आयुष्यातली जी कारणं कॉमिक्सकडे बोट दाखवत नव्हती, ती गाळली होती. म्हणजे पोराला खरंच काय दुखतंय हे टिपणात लिहिलेलं असताना पुस्तकात दोष बॅटमॅनला! अशा पुस्तकाच्या भरवशावर सत्तर वर्षांनी नाशिकमधली आई पोराची पुस्तकं बांधते, याचा संताप नाही येणार तर काय?

ड्रग्जचं म्हणाल, तर 1971 साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्यानेच स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांना अमली पदार्थांचे धोके सांगणारी गोष्ट लिहायला सुचवलं. स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ती आली. कोडवाल्यांनी मंजुरीचा शिक्का नाकारला, मार्व्हलने शिक्क्याशिवाय छापली, आणि त्याच वर्षी कोडलाच नियम सैल करावे लागले.

आता एक गोष्ट मात्र मेसेजला द्यावी लागेल, इच्छा नसली तरी. गठ्ठ्यात 'द किलिंग जोक' हे बॅटमॅनचं कॉमिक निघालं. 1988 चं. त्यात बॅटमॅनचा शत्रू जोकर बार्बरा गॉर्डन या तरुणीला गोळी घालून जायबंदी करतो, तिचे विवस्त्र फोटो काढतो आणि तिच्या बापाला दाखवतो. कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं, मुखपृष्ठावर जोकरचा ओळखीचा चेहरा आहे म्हणून. हे बारा वर्षांच्या मुलासाठी नाही, 'वॉचमेन' हे कॉमिकसुद्धा नाही. दुकानात ही सगळी एकाच फळीवर, छोटा भीमच्या शेजारी रचलेली असतात, ही चूकच आहे. पण प्रकाशक प्रौढांची पुस्तकं वेगळी काढतात: मार्व्हलची 'मॅक्स', बॅटमॅन छापणाऱ्या डीसीची 2018 पासूनची 'ब्लॅक लेबल'. मागचं पान उलटून वयाची खूण बघायला अर्धं मिनिट लागतं.

आणि लहानांच्या कॉमिक्समधला मृत्यू? स्पायडरमॅनची 1962 ची पहिली गोष्टच मृत्यूची आहे. पीटर, म्हणजे स्पायडरमॅनच, एका चोराला जाऊ देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या बेनकाकांना मारतो. गेल्या दिवाळीत भाच्याने ते पान माझ्यापुढे धरलं होतं. कोपरा दुमडून दुमडून मऊ पडलेला. "मावशी, याने चोराला धरलं असतं तर काका वाचले असते ना?" मी हो म्हणाले. मग खाली बघत म्हणाला, "आजोबा पडले तेव्हा मी गेम खेळत होतो. हाक ऐकली होती मी." अण्णांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आठ महिने हे पोर तेवढं पोटात घेऊन शाळेत जात होतं आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी तासभर बोललो आम्ही. डॉक्टरांनी अण्णांबद्दल काय सांगितलं होतं, ते सगळं त्याला समजावलं.

हे ताईला मी आजवर सांगितलं नव्हतं. रविवारी सांगितलं. ती बराच वेळ गठ्ठ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच कात्री घेऊन आली.

'किलिंग जोक' मी माझ्या पिशवीत टाकलं आणि खोलीच्या दाराशी जाऊन त्याला तसं सांगितलं, सतरा वर्षांचा झालास की परत देईन. दार थोडं उघडलं.

"नक्की देशील?"

"नक्की. तोवर माझ्या कपाटात राहील."


तो बाहेर आला आणि उरलेली पुस्तकं क्रमाने लावायला बसला.