गर्दीवाचून फुटबॉल ‘चालला’ म्हणे!

आमच्या कोल्हापूरच्या तालमीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. तुमच्याकडेही आला असेल, कारण लॉकडाउनचा विषय निघाला की तो कुठून ना कुठून उगवतोच. मजकूर थोडक्यात असा: कोविडनं दाखवून दिलं की फुटबॉलला प्रेक्षक लागत नाहीत. स्टेडियम रिकामी होती तरी सामने झाले, निकाल लागले, चॅम्पियन ठरले. पैसा टीव्हीतून येतो, तिकिटाचा चिल्लर. गर्दी ही नुसती सजावट. उलट ती नव्हती म्हणून खेळ निर्मळ झाला. आणि लोकांनाही आता घरीच बघायची सवय लागली आहे.

खाली अंगठ्यांची रांग. आता मला गप्प बसवेना.

आधी जे मान्य आहे ते सांगून टाकतो. स्टेडियम बंद केली ते बरोबरच होतं, खरं तर उशीरच झाला. १९ फेब्रुवारी २०२० ला मिलानच्या सान सिरोवर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. अटलांटा हा बेर्गामोचा क्लब. सव्वा लाख वस्तीच्या त्या शहरातून आणि आसपासच्या गावांतून चाळीस हजारांच्या आसपास माणूस त्या रात्री मिलानला गेला. पुढच्या काही आठवड्यांत बेर्गामोत शवपेट्या न्यायला लष्कराच्या गाड्या आल्या. सगळा दोष एका सामन्यावर टाकता येत नाही, पण खुद्द तिथल्या महापौरांनी त्या सामन्याला बॉम्ब म्हटलं होतं. ११ मार्चला, ज्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली त्याच दिवशी, लिव्हरपूलमध्ये पन्नास हजारांवर लोक सामन्याला बसले होते. त्यांत अ‍ॅटलेटिकोचे तीन हजार पाठीराखे माद्रिदहून आलेले, आणि माद्रिदमध्ये तेव्हा सामन्यांना प्रेक्षक बंद होते! तेव्हा गर्दी बंद करायला नको होती, असं मी म्हणत नाही. पथ्य म्हणून जेवण बंद केलं म्हणजे जेवणाची गरज नव्हती असं सिद्ध होत नाही, एवढंच म्हणतो.

आता ‘निकाल लागले’ याबद्दल. लागले, पण कसे लागले ते बघा.

जर्मनीची बुंडेसलिगा १६ मे २०२० ला सुरू झाली. पहिल्याच दिवशी डॉर्टमुंडनं शाल्केला ४–० हरवलं. ८१ हजारांचं स्टेडियम, एरवी दक्षिणेच्या बाजूला पंचवीस हजार माणसं उभी राहून पिवळी भिंत करतात, तिथे त्या दिवशी नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या. सामना संपल्यावर खेळाडू सवयीनं त्या भिंतीकडे गेले आणि कोणी नसताना हात वर करून उभे राहिले. त्या दिवशी यजमान जिंकले, पण हिशेब पुढे फिरला. बंद होण्याआधी त्या मोसमात शंभरातले ४३ सामने यजमान जिंकत होते. रिकाम्या मैदानांवर तो आकडा ३३ च्या आसपास आला.

इंग्लंडमध्ये २०२०–२१ चा जवळजवळ अख्खा मोसम रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. प्रीमियर लीगच्या ३८० सामन्यांत पाहुणे १५३ जिंकले, यजमान १४४. इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनचा इतिहास १८८८ पासूनचा आहे आणि पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकल्याचा तो पहिला मोसम. लिव्हरपूल अ‍ॅनफिल्डवर लीगचे ६८ सामने हरलं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीनं ती साखळी तोडली आणि मार्चपर्यंत घरच्या मैदानावर सलग सहा पराभव झाले. त्यांचा मुख्य बचावपटू व्हॅन डाइक जखमी होता, बचावफळी विस्कटलेली होती, हे खरंच. सगळं खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडणार नाही. पण एक लिव्हरपूल सोडून द्या, तो १५३–१४४ चा आकडा काही एका माणसाच्या गुडघ्यानं झालेला नाही.

मैदान तेच, गवत तेच, ड्रेसिंग रूम तीच, पाहुण्यांचा प्रवासही तसाच. गेली होती ती फक्त माणसं.

मेसेजातला सगळ्यात मजेशीर मुद्दा म्हणजे ‘खेळ निर्मळ झाला’. अहो, वरच्या ओळीत गर्दी ही सजावट, आणि खालच्या ओळीत ती नसल्यानं खेळ बदलला. दोन्ही खरं कसं असेल? मांडवातली फुलं काढली म्हणून लग्न वेगळ्याच मुलीशी लागत नाही.

त्यातलं अर्धं मात्र खरं आहे, आणि ते अर्धंच माझ्या बाजूचं आहे. रिकाम्या मैदानांवर पाहुण्या संघांना पिवळी कार्डं कमी मिळू लागली, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे एरवी पंचाच्या शिट्टीत थोडी फुंकर स्टँडातून येत असते. हे कोविडच्या आधीही माहीत होतं. २००२ साली छापून आलेला एक इंग्रज प्रयोग आहे. चाळीस पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातले ४७ टॅकल दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासकट, काहींना मुके. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. २००७ मध्ये इटलीत कातानियाच्या दंगलीत एक पोलीस अधिकारी मारला गेला, त्यानंतर काही मैदानं प्रेक्षकांना बंद झाली. तिथेही हेच दिसलं. पंच काही विकाऊ नसतो. वीस हजार घशांतून एकदम ‘एऽऽ’ निघालं की हात शिट्टीकडे जातो, इतकंच. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उन्हात बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, त्याला हे शोधनिबंधाशिवाय ठाऊक आहे.

हे चांगलं की वाईट, हा वेगळा वाद. पण जी गोष्ट पंचाचा हात हलवते तिला सजावट म्हणता येणार नाही.

‘आपल्याकडे गोव्यात आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) दोन मोसम प्रेक्षकांविना झालेच की’ असंही ग्रुपवर कोणीतरी जोडलं. झाले. आणि त्यातला एक सामना मी जितका जवळून ‘बघितला’ तितका फार कमी लोकांनी बघितला असेल. नोव्हेंबर २०२० मध्ये मी वास्कोला मावशीकडे होतो. २७ तारखेला टिळक मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल भिडले, आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन वैऱ्यांची लढत. हीच डर्बी १९९७ च्या जुलैत कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर झाली तेव्हा १ लाख ३१ हजार लोक बसले होते. इथे शून्य. मैदानावरचे दिवे गच्चीतून दिसत होते. खाली टीव्ही मोठ्यानं लावलेला, त्यातून गर्दीची गर्जना येत होती. वर गच्चीत ती नव्हती. वर येत होती फक्त शिट्टी आणि कोणाची तरी लांबवर ओढलेली हाक, तीही वारा इकडचा असला तर. गंमत म्हणजे शिट्टी आधी कानावर यायची आणि काही सेकंदांनी खाली टीव्हीत पंच ती तोंडाला लावायचा. मावसभाऊ दोनदा वर-खाली करून दमला आणि म्हणाला, ‘यातलं खरं कुठलं रे?’ बागान २–० नं जिंकलं. रस्त्यावर एक फटाका नाही.

शिवाय त्या दोन मोसमांत सगळे संघ गोव्यातच हॉटेलांत कोंडलेले. एफसी गोवा सोडला तर घर कोणाचं आणि पाहुणा कोण? ज्या स्पर्धेत घरचं मैदानच उरलं नव्हतं, तिचा दाखला देऊन गर्दीनं काही फरक पडत नाही म्हणणं म्हणजे मीठ न चाखताच आमटी बरोबर झाली म्हणण्यासारखं.

आणि टीव्हीतली ती गर्जना? जिची गरजच नव्हती ती नकली आवाज घालून कशाला भरली? इंग्लंड आणि स्पेनच्या लीगच्या प्रक्षेपणात व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज वापरला. म्योन्शनग्लाडबाखच्या पाठीराख्यांनी १९-१९ युरो मोजून स्वतःचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले. सोलच्या एका क्लबनं स्टँडात बाहुल्या मांडल्या, त्या भलत्याच दुकानातल्या निघाल्या आणि क्लबला दंड बसला. (हे मी रचलेलं नाही.)

पैशाचं थोडक्यात. प्रीमियर लीगपुरता मुद्दा बऱ्यापैकी बरोबर आहे, तिथे सामन्याच्या दिवसाची कमाई एकूण उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. पण जग म्हणजे प्रीमियर लीग नव्हे. इंग्लंडमध्येच दोन-तीन पायऱ्या खाली उतरलात की तिकीट, चहा आणि खायचा ‘पाय’ (pie) यांच्यावर क्लब उभा असतो. आणि आमच्या कोल्हापुरात? मार्च २०२० मध्ये मोसम अर्ध्यात थांबला तेव्हा कुठल्या चॅनेलचा चेक येणार होता? इथे गेटवरचं तिकीट, पेठेतली वर्गणी आणि कोणीतरी हौसेनं लावलेलं बक्षीस. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, कुठल्याही तालमीचा संघ घ्या, रिकाम्या शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना लावून दाखवा. लावणाराच सापडणार नाही.

राहिली सवय. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीगची, म्हणजे मुख्यतः बड्यांपुरत्या वेगळ्या स्पर्धेची, घोषणा केली. तेव्हा स्टेडियम बंदच होती. मेसेजवाल्यांच्या हिशेबानं लोक सोफ्यावर सुस्तावलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात दोनच दिवसांत चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्ता अडला आणि इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे बंद ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलशी होणारा सामना पुढे ढकलावा लागला. प्रेक्षकांना बंदी असलेल्या मैदानावर प्रेक्षकांमुळेच सामना होऊ शकला नाही! दारं उघडल्यावर, २०२२–२३ मध्ये, प्रीमियर लीगची सरासरी हजेरी ४० हजारांच्या पुढे गेली.

आपल्याकडचंच बघायचं तर गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. आयएसएलचा मार्च २०२० चा अंतिम सामना तिथे रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला, २०२१ चाही तसाच. मुंबई सिटीचं ते पहिलं विजेतेपद, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, आणि तो साजरा करायला स्टँडात मुंबईचा एक माणूस नाही. २० मार्च २०२२ ला दारं उघडली. केरळ ब्लास्टर्सच्या, केरळहून आलेल्या पिवळ्या शर्टांनी फातोर्डा भरून गेलं. समोर हैदराबाद, त्यांच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. १–१ नंतर पेनल्टी, आणि गोव्याचाच गोलकीपर कट्टीमणी यानं तीन अडवल्या. केरळ हरलं. अडवलेल्या प्रत्येक पेनल्टीनंतर तो पिवळा आवाज कसा खाली बसत गेला, ते कुठल्याही व्हिडिओ गेममधून आणता येणार नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिणार होतो, पण मेसेज टाकणाऱ्याचा आदल्या रविवारचा फोन आठवला. सामना चारचा, फोन अडीचचा. ‘कुठं हाईस? रुमाल टाकून दोन जागा धरल्यात, पण लोक ऐकंनात. लवकर ये.’