सारखी आउटलाइन काढली की उठाव येतो? नाही येत

चित्र शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो आहे: "आधी बाह्यरेषा गडद, अखंड, सगळीकडे सारख्या जाडीची काढा. मग आत बोटानं घासून शेडिंग करा. पडछाया धारदार ठेवा. कड धूसर झाली म्हणजे हात कच्चा. अजिंठ्यातही रेषाच आहे!" इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या स्थिरचित्राची तयारी करणारी मुलं हे इमानानं पाळतात आणि मडकं पापडासारखं सपाट काढतात.

"सारख्या रेषेनं वस्तू उठून दिसते." वस्तू मागच्या भिंतीपासून सुटी होते, एवढंच. सुटी होणं वेगळं आणि उठाव येणं, म्हणजे भरीव दिसणं, वेगळं. खिडकीजवळ मडकं ठेवा, उजेड डावीकडून येऊ द्या. डावीकडची उजळ कड उजळ भिंतीत जवळजवळ विरघळते, तिथे रेषा काढणं म्हणजे जे दिसत नाही ते काढणं. पुढचा काठ पातळ असतो, त्याची कड स्वच्छ हवी. पोट मात्र हळूहळू वळत मागे जातं, म्हणून तिथली कड सैल. तळ जमिनीला टेकतो तिथली फट सगळ्यांत काळी आणि सगळ्यांत धारदार. आता आत बघा: उजेडातून सावलीत जाणारा पट्टा पोटावर रुंद आहे, गळ्याशी वळण आवळतं तिथे तोच अरुंद होतो. शेजारी खोकं ठेवलंत तर त्याच्या कोपऱ्यावर पट्टाच नाही, उजेड संपतो आणि सावली सुरू होते. पृष्ठभाग किती झपाट्यानं वळतोय ते कडेवरूनच कळतं. सगळ्या कडा सारख्या केल्या की ही माहितीच पुसली जाते.

"बोटानं घासलं की गोलाई येते." घासल्यानं सगळंच सारखं मऊ होतं, म्हणजे चूक तीच, फक्त उलट्या बाजूनं. शिवाय बोटाच्या तेलानं डाग पडतात आणि दाबून घोटलेलं ग्रॅफाइट चमकायला लागलं की वर पेन्सिल नीट बसत नाही. हलक्या हातानं थरावर थर द्या. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा (Seurat) यानं १८८०च्या दशकात खरखरीत कागदावर काँटे क्रेयॉन या खडूसारख्या कांडीनं काढलेली माणसं बघा: बाह्यरेषा जवळपास नाहीच, तरी माणूस भरीव.

"पडछाया धारदार ठेवा." मडक्याला चिकटून आहे तिथे, हो. पुढे नाही. सूर्य आकाशात ठिपका नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावली पाडणारी कड भिंतीपासून एक मीटर दूर असेल तर सावलीची कड साधारण नऊ मिलिमीटर पसरते. दहा मीटरवर नऊ सेंटीमीटर. (समोरून ऊन पडतंय असं धरून, तिरकं असेल तर आणखी.) ट्यूबलाइटखाली तर विचारूच नका.

"धूसर कड म्हणजे कच्चा हात." मग मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यांचं काय करायचं? आपल्याकडे सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र बघा, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं. ते जलरंगातलं आहे. जलरंग वाळला की कड घट्ट होते. मऊ हवी असेल तर कागदात ओल आहे तोवरच साधावी लागते. कच्च्या हाताला ते जमत नाही.

राहिला अजिंठा. रेषा तिथे आहे आणि ती जबरदस्तच आहे, पण ती सारखी नाही. कुठे भरते, कुठे बारीक होत जाते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चेहऱ्याला छटांनीही घडण दिली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातला चित्रकलेवरचा भाग, म्हणजे चित्रसूत्र, या छायांकनाला वर्तना म्हणतं आणि तिचे तीन प्रकार सांगतं. ठिपक्यांनी करायची बिंदुज वर्तना त्यांतलीच. एकसारख्या रेषेचा दाखला हवाच असेल तर तो अजिंठ्यातून मिळणार नाही.