रेनाला डॉर्टमुंडने फुंकून टाकलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलपटू जिओ रेनाच्या डॉर्टमुंड ते ग्लाडबाख या जर्मन क्लबांमधल्या बदलीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे आणि तिच्यात अभ्यासही आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण न करता इथे सविस्तर उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सतराव्या वर्षी बुंडेसलिगात (जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये) उतरलेला खेळाडू ऑगस्ट 2025 मध्ये 40 लाख युरोच्या आसपास देऊन टाकणं हा निव्वळ मूर्खपणा. 'करारात एकच वर्ष उरलं होतं' हे लेखातलं कारण लंगडं, कारण 2019 मध्ये ग्लाडबाखच्या टोर्गन अझारच्या करारातही एकच वर्ष उरलं होतं आणि तरी ग्लाडबाखने याच डॉर्टमुंडकडून अडीच कोटींहून जास्त काढले. विकायचं नव्हतं तर लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबला, द्यायचं. अमेरिकन खेळाडू परदेशी कोट्यातली जागा अडवतो, याचा लेखात उल्लेख नाही. देशातल्या देशात बदली, तर कागदपत्रांचा एवढा बाऊ कशाला. आणि शेवटी, ज्या अमेरिकन अकादमीने त्याला घडवलं तिच्या हाती भोपळा.

अझारचा मुद्दा यातला सगळ्यात भक्कम, म्हणून आधी तोच. उरलेलं वर्ष दोघांचं सारखं होतं हे खरं. पण भाव ठरतो तो 'सौदा झालाच नाही तर विकणाऱ्याच्या हातात काय उरतं' यावर. 2019 मध्ये सौदा फिसकटला असता तर ग्लाडबाखकडे संघातला पहिल्या पसंतीचा आक्रमक आणखी एक अख्खा हंगाम राहिला असता. त्यामुळे 'द्या नाहीतर राहू द्या' असं म्हणायची त्यांची ऐपत होती. समोर चॅम्पियन्स लीगचा पैसा असलेला आणि विजेतेपद थोडक्यात हुकलेला क्लब होता, त्याला घाई होती.

रेनाच्या बाबतीत हे सगळं उलटं आहे. 2024-25 मध्ये तो बहुतेक वेळा बाकावरून उतरला. सौदा झाला नसता तर डॉर्टमुंडच्या हातात उरला असता पूर्ण पगारावरचा राखीव खेळाडू. फिफाच्या नियमाप्रमाणे कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायला मोकळा असतो. म्हणजे 1 जानेवारी 2026 पासून तो कुणाशीही बोलू शकला असता आणि 30 जूनला फुकट गेला असता.

आकड्यांत मांडू. पगार वर्षाला 50 लाख युरो धरा. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतलाय, त्याच्या खऱ्या पगाराशी संबंध जोडू नका. विकला तर 40 लाख येतात आणि 50 लाख वाचतात. ठेवला तर 50 लाख जातात आणि वर्षाअखेर शून्य. फरक 40 लाखांचा नाही, 90 लाखांचा आहे. त्या 90 लाखांच्या बदल्यात मैदानावर किती मिनिटं मिळाली असती, हे क्लबने बघायचं. शिवाय रेना डॉर्टमुंडला सोळाव्या वर्षी अकादमीत आला होता, त्यामुळे ताळेबंदात त्याची शिल्लक किंमत (खरेदीचा अजून खर्चात न धरलेला भाग) नगण्य असणार आणि आलेली रक्कम जवळपास सगळी नफ्यात धरली जाणार. चार वर्षांपूर्वी तीन कोटींना घेतलेला खेळाडू असता तर हेच 40 लाख वेगळे दिसले असते.

एक गोष्ट आणखी. बातम्यांतले 40 लाख ही ठरीव रक्कम होती, वर बोनस वेगळे. असे बोनस सहसा सामन्यांची संख्या, युरोपीय स्पर्धेतला प्रवेश अशा अटींना बांधलेले असतात. खेळाडूची तब्येत बेभरवशाची असेल तेव्हा खरेदीदार ठरीव भाग खाली ओढतो आणि जोखीम बोनसमध्ये टाकतो. रेनाचा 2021-22 चा हंगाम स्नायूंच्या दुखापतींनी खाल्ला. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झाला, फेब्रुवारीत परतला आणि (योगायोग बघा) ग्लाडबाखविरुद्धच्याच सामन्यात पुन्हा लंगडत बाहेर गेला. एप्रिलमध्ये स्टुटगार्टविरुद्ध दोन मिनिटंही टिकला नाही. वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर हा इतिहास वाचूनच बसतो.

लोनबद्दल. हा मार्ग डॉर्टमुंडने आधीच एकदा वापरलाय. जानेवारी 2024 मध्ये त्याला इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला लोनवर पाठवलं, पण पाठवण्याआधी त्याचा करार 2025 वरून 2026 पर्यंत वाढवून घेतला. क्रम असाच लागतो: आधी मुदतवाढ, मग लोन. शेवटच्या वर्षात मुदत न वाढवता लोनवर देणं म्हणजे खेळाडू दुसऱ्याकडे खेळून सुधारणार आणि तिथूनच फुकट निघून जाणार. मुदतवाढीला खेळाडूची सही लागते. 2026 चा विश्वचषक स्वतःच्या देशात, राष्ट्रीय संघातली जागा पक्की नाही, अशा वेळी आपल्याला न खेळवणाऱ्या क्लबशी कोण आणखी एक वर्ष बांधून घेईल? त्याने ग्लाडबाखशी 2028 पर्यंतचा करार केला.

ग्लाडबाखला लॉटरी लागली, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्या बाजूचा हिशेब सोपा आहे: 40 लाख भागिले तीन हंगाम, म्हणजे वर्षाला सुमारे 13.3 लाखांचा खर्च ताळेबंदात, अधिक पगार. स्वस्त आहेच. पण ज्या प्रशिक्षकाच्या संघात तो आला, ते गेरार्डो सेओआने सप्टेंबरच्या मध्यावर, घरच्या मैदानावर ब्रेमेनकडून 0-4 हरल्यावर, पदावरून गेले. नवा प्रशिक्षक, नवी रचना, आणि दहा नंबरच्या जागेवर (आघाडीच्या फळीमागे) खेळणाऱ्याला सगळ्यात आधी धक्का. याला लॉटरी म्हणायची माझी तयारी नाही.

कोट्याचं मात्र साफ चुकलंय. बिगर-युरोपीय खेळाडूंवरची मर्यादा जर्मनीने 2006 मध्येच काढली. तुमच्या डोक्यात बहुधा इटलीचा नियम असावा, तिथे अशा जागा मोजूनच मिळतात. जर्मनीत अट वेगळ्या बाजूने आहे: क्लबकडे किमान 12 जर्मन खेळाडू करारबद्ध हवेत, आणि किमान 8 'स्थानिक घडणीचे' हवेत, त्यातले 4 स्वतःच्या क्लबमध्ये घडलेले. स्थानिक घडण म्हणजे 15 ते 21 या वयात तीन हंगाम जर्मन क्लबकडे नोंदणी. पासपोर्ट कुठला, याचा त्याच्याशी संबंध नाही. रेना 2019 पासून डॉर्टमुंडकडे. म्हणजे हा अमेरिकन ग्लाडबाखच्या यादीत जागा अडवत नाही, उलट आठांच्या गणतीत मदतच करतो.

शिवाय त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. म्हणूनच तो सोळाव्या वर्षी येऊ शकला. फिफा अठरा वर्षांखालच्या खेळाडूला सहसा देश बदलू देत नाही, आणि सोळा ते अठराची सवलत युरोपीय संघापुरती आहे; तिथला पासपोर्ट असेल तर ती मिळते. डॉर्टमुंडला आलेला दुसरा अमेरिकन, पुलिसिक, याचं क्रोएशियन पासपोर्टवर असंच जमलं. ज्याच्याकडे तो नाही त्याला थांबावं लागतं: अमेरिकन जो स्कॅलीचा ग्लाडबाखशी सौदा 2019 मध्ये ठरला, पण तो जर्मनीत गेला अठरा पूर्ण झाल्यावर, जानेवारी 2021 मध्ये. अशा खेळाडूच्या कामाच्या परवान्यासाठी जर्मन नियमात पगाराची किमान मर्यादा आहे: पेन्शन विम्याच्या वर्गणीसाठी जी कमाल पगारमर्यादा धरतात तिच्या निम्मा. 2025 साली ती मर्यादा महिन्याला 8,050 युरो होती, म्हणजे किमान पगार 4,025. बुंडेसलिगात ही अट आपोआपच पुरी होते. खालच्या विभागांत जाणाऱ्या अमेरिकन पोरांचं मात्र इथेच अडतं.

आता कागदपत्रं. देशांतर्गत बदलीला आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण लीगच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत सह्या केलेला करार, जुन्या क्लबची मोकळीक आणि बाकी कागद मुदतीच्या आत पोचायलाच लागतात. 2025 च्या उन्हाळ्यात ही मुदत 1 सप्टेंबरला तिथल्या रात्री आठची होती, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. बाऊ वाटत असेल तर जानेवारी 2011 आठवा: एरिक मॅक्सिम चुपो-मोटिंग, हॅम्बुर्गहून कोलोनला. जर्मन क्लबमधून जर्मन क्लबमध्ये, सगळे राजी. फॅक्सने दगा दिला, कागद लीगकडे काही मिनिटं उशिरा पोचले आणि बदली रद्द. त्या उन्हाळ्यात तो माइन्झला गेला. फॅक्स गेले, मुदत कायम आहे. शेवटच्या तासात आजही सौदे लटकतात ते साखळीमुळे: विकणाऱ्याला आधी त्याचा पर्यायी खेळाडू हवा असतो, त्या तिसऱ्या क्लबलाही कुणीतरी हवा असतो, आणि एक तपासणी लांबली की मागचं सगळं अडतं.

राहिला अकादमीच्या भोपळ्याचा मुद्दा. पूर्वी तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. फिफाचा सॉलिडॅरिटी वाटा (खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना बदलीच्या फीतून मिळणारा हिस्सा) आधी फक्त आंतरराष्ट्रीय बदल्यांवर मिळायचा. 1 जुलै 2020 पासून, खेळाडूला घडवणारा क्लब दुसऱ्या देशाच्या संघटनेतला असेल तर देशांतर्गत बदलीवरही मिळतो. वाटणी अशी: वयाच्या बाराव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या प्रत्येक वर्षाला फीच्या 0.25 टक्के, सोळाव्या ते तेविसाव्याच्या प्रत्येकी 0.5 टक्के, एकूण 5. रेना साधारण 2015 ते 2019 न्यूयॉर्क सिटीच्या अकादमीत होता, वाढदिवस नोव्हेंबरचा. तेराव्या, चौदाव्या, पंधराव्याचे 0.75 आणि सोळाव्याचा 0.5, असे सव्वा टक्का. 40 लाखांवर ढोबळमानाने 50 हजार युरो. नोंदणीच्या तारखांप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, आणि बोनस देय झाले की त्यांच्यावरही हाच टक्का लागेल. ही रक्कम वरून द्यायची नसते, फीमधूनच कापली जाते आणि फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमार्फत (हे पैसे वाटणाऱ्या यंत्रणेमार्फत) पोचते. तो इटलीतल्या पार्माला गेला असता (ऑगस्टमध्ये बातम्यांत तेच नाव होतं) तरी न्यूयॉर्कचा वाटा याच टक्क्यांनी निघाला असता.