युद्धकालीन पैसा आणि अर्धा इंची नळ

१९४३ साली पाडलेला, फारसा कोणाच्या हाताला न लागलेला आणि मूळची तांबूस झळाळी अद्याप टिकवून असलेला एक भोकाचा पैसा सध्या पुण्यातल्या एका न्हाणीघरात, नळाच्या पोटात बसलेला असावा. तो तिकडे निघाला तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उकिडवा बसलो होतो, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

मी युद्धकाळातली नाणी जमवतो. सोन्याचांदीची नव्हेत, तर धातू पुरेना म्हणून सरकारांनी नाइलाजाने पाडलेली. महायुद्धात तांबे आणि निकेल दारूगोळ्याकडे आणि चिलखती पत्र्याकडे गेल्यामुळे अमेरिकेने १९४३ चा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा काढला, कॅनडाने पाच सेंटचे निकेलचे नाणे पितळेसारख्या मिश्रधातूत उतरवले, आणि जपानने तर शेवटी चक्क भाजलेल्या मातीची नाणी करून पाहिली, जी चलनात येण्यापूर्वीच युद्ध संपले. आपल्याकडे रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणा पिवळा झाला आणि पैशाला भोक पडले. आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा हा पैसा. राजाच्या मस्तकाच्या मधोमध भोक पाडणे साम्राज्याला परवडण्यासारखे नसल्याने त्यावर सहाव्या जॉर्जचा चेहरा नाही, नुसता मुकुट आहे. साम्राज्याची इतकी प्रामाणिक कबुली दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजात सापडायची नाही, असे माझे मत आहे.

तर जुन्या बाजारात, रविवारी, एका ताडपत्रीवरच्या ढिगातून मी तो झळाळता पैसा नुकताच बाजूला काढला होता, आणि आपल्याला त्यात विशेष रस नाही असा चेहरा करून इतर नाणी चाळत होतो. भाव पाडण्यासाठी हे करावे लागते. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि त्याने तो पैसा उचलला.

हात एका सत्तरीच्या काकांचा होता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा एक जुना पितळी नळ. काकांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरच्या अंशापर्यंत माप घेणारे अवजार, काढले. मी नाणी जमवणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या खिशात भिंग असते, लोहचुंबक असतो, क्वचित तराजूही असतो. हा कोणी पोहोचलेला अभ्यासक असावा, अशा समजुतीने मी आदराने थोडा सरकलो.

"एकवीसच्या जरासा वर," काका पुटपुटले. "अर्ध्या इंचीला चोख बसेल."

"कशाला बसेल?"

"नळाला. वायसर म्हणून."

मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे सांगितले की हे वायसर नव्हेत, ही युद्धकालीन नाणी आहेत.

"माहीत आहे मला. वायसर असते तर घेतलेच नसते. हल्लीचे वायसर दोन महिन्यांत दगा देतात. हे ब्राँझ आहे, ब्राँझ! चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत मी. आमचे वडील हेच बसवायचे. त्या काळी वायसर पैशापेक्षा महाग पडायचा. इंग्रजांनी दिलेली एवढी एकच वस्तू गळत नाही."

यानंतर काकांनी ढिगातले पैसे निवडायला घेतले, आणि माझा खरा छळ तेव्हा सुरू झाला. झिजलेले, काळवंडलेले, कडा मार खाल्लेले पैसे ते तिरस्काराने परत टाकत होते आणि उठाव स्पष्ट असलेले, कड धारदार असलेले तेवढे बाजूला ठेवत होते. नाणेशास्त्राचे एकही पान न वाचलेला हा गृहस्थ प्रतवारी मात्र अचूक करत होता.

"पण एवढा नवा कशाला घालवता? झिजलेलाही चालेल की," मी विनवले.

"झिजलेला सपाट बसत नाही. हाही घासावाच लागणार म्हणा, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर. मुकुट तेवढा काढून टाकायचा. राजाचं डोकं नाही, ते एक बरं, घासायला कमी."

मी भाव वाढवला. काकांनी वळून माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले.

"तुम्ही काय करणार याचं?"

"जपून ठेवणार."

"कशात?"

"अल्बममध्ये."

"आणि मग?"

"मग काही नाही."

काकांनी विक्रेत्याकडे पाहिले, विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले, आणि पाच पैसे एकदम घेणारे गिऱ्हाईक, शिवाय ज्याच्या घरी खरोखरच पाणी गळते आहे असे, याला माल देणेच न्यायाचे ठरले.

चिडचिड एका पैशापुरती असती तर विसरलो असतो. पण या छंदाची कोणाला किंमतच नाही. घरात नवे नाणे आले की पहिला प्रश्न "चांदीचं आहे का?" आणि नाही म्हटले की दुसरा प्रश्न येतच नाही. हे धातूही मुळात टिकावेत म्हणून निवडलेले नव्हते. आपल्या पावसाळ्यात पोलादी सेंटला गंज चढतो आणि जर्मनीच्या जस्ती फेनिगवर, म्हणजे तिकडच्या चिल्लर नाण्यावर, पांढरी भुकटी धरते. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी लोणच्याच्या बरणीला जपावे तशा जपतो. विक्रेते उरलेसुरले काम करतात. माल चकचकीत दिसावा म्हणून ते चिंचेने घासतात आणि 'मिंट कंडिशन', म्हणजे टांकसाळीतून नुकताच आलेला, म्हणून दुप्पट भाव सांगतात.

याहून वाईट म्हणजे जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतात असे सांगणारे ते व्हिडिओ. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांवर कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे खुद्द बँकेला २०२१ मध्ये जाहीर करावे लागले. पण बँकेचे ऐकतो कोण? आमच्या इमारतीतले एक गृहस्थ परवा आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा घेऊन आले आणि "याचे किती लाख येतील?" असे विचारते झाले. हे पैसे कोट्यवधींनी पाडले गेले असून झिजलेल्याचे बाजारात पन्नासच्या आत येतील, असे मी त्यांना खरे तेच सांगितले. त्यांनी पैसा माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. तेव्हापासून ते जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी त्यांचा ऐवज पन्नास रुपयांत लाटायला टपलो आहे, ही बातमी चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचली आहे.